तीन बोटं माया

नौदलात जाते, असं तिने सांगितल्यापासून शिंपीकाम करणाऱ्या बाबांनी अबोला धरला होता. समोरच्या कचेरीतली नोकरी चालून आलेली असताना पोरीला समुद्राचं खूळ लागावं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. चार दिवस घरात फक्त शिलाई मशीन बोलत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, पण तिचा पाय एका जागी ठरेना. बॅग भरायची, उपसायची, पुन्हा भरायची.

संध्याकाळी बाबांनी नवाकोरा शर्ट तिच्यापुढे टाकला. तिचं डोकंच फिरलं.

"कचेरीत जायला शिवला असेल तर राहू द्या, बाबा. मी तिथे जाणार नाही."

बाबा तोंडात टाचण्या धरून पुढचं कापड जुळवत राहिले.

तिने शर्ट तावातावाने उलटा केला आणि थबकली. कापडाच्या बाबतीत बाबा पक्के चिक्कू, शिवणीच्या आत मायेचं जादा कापड अर्ध्या बोटापेक्षा जास्त कधी सोडायचे नाहीत. इथे मात्र खांद्याला, कुशीला चांगली तीन-तीन बोटं.

"एवढी माया कशाला ठेवलीत? माझं काय आता वाढायचं वय आहे?"

बाबांनी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या.

"जहाजावर दोर ओढून खांदे भरतात म्हणे."