घर बघायला

मुलीकडची माणसं घर बघायला आली, तेव्हा शालनचे हात शेणात होते. हात धुऊन तिनं चहा दिला, तोवर भाजीचा टेम्पो आला. कोथिंबिरीच्या जुड्या चढवून परतली, तर शेळी मेथीत शिरलेली.

“आमच्यात सगळं आहे,” तिनं धापा टाकत मुलीच्या आईला सांगितलं. “गाई, कोंबड्या, भाजी, शेततळ्यात मासे. पोरगा निर्व्यसनी. तुमची लेक सुखात राहील.”

“तुमची लेक कुठं दिलीय?”

“पुण्याला! जावई कंपनीत आहेत.” शालनचा चेहरा फुलला. “शेतकऱ्यांची स्थळं आलेली, मीच नको म्हटलं. माझ्यासारखं राबणं तिच्या नशिबी नको.”

मुलीच्या आईनं कप खाली ठेवला. “मीपण आईच आहे, बाई.”

अंगणात शालनचा पोरगा पाहुण्यांसाठी पिशवीत पेरू भरत होता, निवडून निवडून.