तिसरा अर्ज

“वरचं बटण लाव,” ताई म्हणाली. “आणि विचारतील तेवढंच बोल.”

त्याने बटण लावलं. वय बावन्न, कानांजवळचे केस पांढरे झालेले. पण ताईसमोर तो अजून बाळ्याच होता. दोघं जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीजवळच्या बाकावर बसली होती. समोर वस्ती समितीच्या खोलीचं दार बंद होतं.

आज तीन अर्ज होते, त्याचा शेवटचा. पहिला अर्जदार दहा मिनिटांत बाहेर आला आणि कोणाकडे न बघता जिना उतरून गेला. दुसऱ्याला तर बसायलाही सांगितलं नसावं. “आधी वस्ती पायी फिरून या, मग बोलू,” असा खणखणीत आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला होता.

“त्या नर्सताई,” ताई हळूच म्हणाली. “तीस वर्षं बाळंतपणं केलीत त्यांनी. त्यांना कोणी गुंडाळू शकत नाही.”

“मला कुठे गुंडाळायचंय?”

“मग पाय कशाला हलवतोयस?”

तेवढ्यात दार उघडलं. “तुम्हीही या आत,” नर्सताई ताईला म्हणाल्या. “बाहेर ऊन येतंय.”

आत सात माणसं होती आणि दोन टेबलं जोडून केलेलं एक मोठं टेबल. खिडकीत काचेच्या चार बरण्या होत्या. यंदा वस्तीत कोणतं काम व्हावं, हे ठरवायला प्रत्येक घराने आपल्या पसंतीच्या बरणीत एक गोटी टाकली होती. जिन्यांचे कठडे, दिवे, गटारावरची झाकणं या बरण्या निम्म्याही भरल्या नव्हत्या. पाळणाघराची बरणी गळ्यापर्यंत आली होती.

“अर्ज आम्ही सगळ्यांनी वाचला,” नर्सताईंनी सुरुवात केली. “‘काम कोणतं’ हा रकाना रिकामा आहे. विसरलात?”

“नाही. मुद्दाम ठेवला.”

“का?”

“मागच्या वेळी मी भरला होता.”

नर्सताईंच्या डावीकडे बसलेले ड्रायव्हरकाका जणू याचीच वाट बघत होते. सव्वीस वर्षं त्यांनी शहरबस चालवली होती आणि माणूस खोटं बोलतोय हे त्यांना आरशातून कळायचं, असं वस्तीत सगळे म्हणत.

“पुलापलीकडचं वाचनालय. ते तुमचंच काम ना?”

“हो.”

“मी बघून आलो. दाराला कुलूप आहे. खिडकीतून पुस्तकं दिसली, कोरी करकरीत. का बंद पडलं?”

उत्तर त्याने घरून पाठ करून आणलं होतं. जागा आडबाजूला होती, माणसं टिकली नाहीत. ते त्याने गिळून टाकलं.

“मी कोणाला विचारलंच नाही,” तो म्हणाला. “आमची आई लोकांची मुलं सांभाळायची. घरोघरी जायची. जाताना आम्हा दोघांना घरात ठेवून बाहेरून कडी लावायची. घरात एकच पुस्तक होतं, सुरुवातीची पानं गेलेलं. ताई मला ते वाचून दाखवायची. म्हणून मला वाटलं, मुलांना पुस्तकं हवीत.”

“आणि?”

मागून ताई बोलली.

“त्याला पुस्तक आठवतं. मला कडी आठवते. मी सात वर्षांची होते. हा रडायला लागला की मी दाराच्या फटीतून आईला हाका मारायचे.”



“पुलापलीकडच्या बायकांनाही पाळणाघरच हवं होतं,” तो म्हणाला. “मला ते कुलूप लागल्यावर कळलं. विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं.”

टेबलाच्या टोकाला बसलेल्या वायरमनने घसा साफ केला. “समजा, काम तुमच्या मनासारखं झालं नाही. मग?”

“ऐकून घेईन.”

“रुसून मध्येच निघून जाणार नाही?”

“नाही.”

“लिहून द्याल?”

“देईन.”

“दारावर पाटी कोणाची?” नर्सताईंनी विचारलं.

“आईचं नाव असावं, असं फार वाटतं.”

“वाटणारच. पण अट आहे का?”

त्याने ताईकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

“नाही. अट नाही.”

दोघांना पुन्हा बाहेर बसवलं. आतून आवाज चढले. ड्रायव्हरकाकांचा सगळ्यात वर. “एकदा हात पोळलेत या माणसाचे!” “म्हणूनच तर!” हा वायरमन. मग एकदम शांतता झाली.

“हात वर करतायत,” ताई पुटपुटली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.

दार उघडलं.

“पाच विरुद्ध दोन,” नर्सताई म्हणाल्या. “अर्ज मंजूर.”

“मी विरोधात होतो,” ड्रायव्हरकाकांनी लगेच सांगितलं. “तोंडावर बोललेलं बरं. दर तीन महिन्यांनी तुम्हाला इथे बसवून प्रश्न विचारणार.”

“जरूर विचारा,” तो म्हणाला. ताईने त्याच्या पाठीवर एक थाप दिली, लहानपणी द्यायची तशीच.

अटींचे कागद पुढे आले. त्याने प्रत्येक पान वाचलं आणि प्रत्येक पानावर सही केली. नर्सताईंनी सह्या तपासल्या, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच हसल्या.

“अभिनंदन,” त्या हात पुढे करत म्हणाल्या. “वस्ती तुमची देणगी घ्यायला तयार आहे. काढा चेक.”