पाठीवरचं पिल्लू

"काकू, तोंडाला कुलूप लावायचं काय घ्याल?"

मेकॅनिकने शेवटी विचारलंच. आधी दोनदा नुसतं 'शूऽऽ' करून झालं होतं. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, दुपारचा खेळ, शेजारी बायको, पडद्यावर सहा मजली राक्षस पूल मोडतोय, आणि पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याच्या कानाशी अखंड बडबडतेय. कुणाचंही डोकं फिरेल.

"काही घेणार नाही," बाई मागे न वळता म्हणाली. "मी बोलणार."

मेकॅनिकच्या बायकोने त्याला कोपर मारलं. "अहो, गप्प बसा ना. त्या काकांना दिसत नसावं. येताना बघितलं नाहीत? दोघं एकमेकांना घट्ट धरून आली, आणि काका एकेक पायरी मोजत होते."

"मग थ्रीडी चष्मा कशाला लावलाय त्यांनी?"

"दिसत नाही हे चारचौघांत कशाला दाखवतील? काकूंनी बघा, दारातच परत दिला. नाकाला ओझं नको म्हणाल्या."

मेकॅनिक वरमला. पण राग काही पुरता गेला नाही. तिकीट काय दुसऱ्याची बडबड ऐकायला काढलं होतं?

राक्षसाने एक इमारत आडवी केली. मग दुसरी. मग तिसरी. हिरोने हेलिकॉप्टरमधून ट्रकवर उडी मारली, ट्रक पेटला, हिरोचा भांगसुद्धा विस्कटला नाही. मध्यंतर होऊन गेलं तरी हेच चाललं होतं. राक्षस आला कुठून, त्याला हवंय काय, हे सांगायला कुणाला सवड नव्हती.

"ही इमारत मघाच्यापेक्षा उंच बरं का," बाई सांगत होती. "काचा किती वेळ पडतायत! पण आत माणूस नाही, एक किंकाळी नाही. रिकामी घरंच मोडतेय ती. आणि पाठीवर पिल्लू आहे."

"पिल्लू?" नवरा म्हणाला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. दर गर्जनेआधी ते बारीक कुंई करतं. लपायला जागा शोधतेय बिचारी. राक्षस कसला हो, आई आहे ती!"

"अस्सं होय! मग पूल का मोडला?"

"मागून गाड्या येऊ नयेत म्हणून."

मेकॅनिकची बायको पुढे सरकली. थोड्या वेळाने मेकॅनिकही खुर्चीच्या टोकाला आला. राक्षसाच्या पाठीवर काटे होते, धूर होता, जाळ होता.

"कुठेय गं?" त्याने बायकोला हळूच विचारलं.

"शेपटीकडे असेल. बघा नीट."

एवढ्यात मॅनेजर आला. पलीकडच्या रांगेतून कुणीतरी तक्रार केली होती. त्याने बॅटरीचा झोत थेट बाईच्या तोंडावर मारला. तिने पापणीसुद्धा लववली नाही.

"बाई, बाहेर चला."

"नाही येणार."

"लोकांना त्रास होतोय. नियम आहे."

"दीड वर्ष झालं डोळ्यांचं ऑपरेशन फसून," बाई म्हणाली. "त्याआधी एक शुक्रवार चुकला नव्हता आमचा. आज पहिल्यांदा बाहेर पडलोय, आणि किती रडारड करून ते आम्हालाच माहीत. आज हाकललंत तर पुन्हा थिएटरात पाय टाकायची हिंमत होणार नाही. डोळे गेले म्हणून माणसाने सिनेमा सोडायचा, हे कुठल्या नियमात बसतं? उचलून न्या हवं तर. मी उठत नाही."

दोन्ही हातांनी तिने खुर्ची घट्ट धरली होती.

नवरा शांतपणे म्हणाला, "साहेब, ही बोलली नाही तर मला या सिनेमातलं ओ की ठो कळत नाही."

मेकॅनिक ताडकन उठला. "कळायला आहे काय त्यात? साहेब, काकूंना काढलंत तर आम्हीपण चाललो. गोष्ट तुमच्या सिनेमात नाहीच, ती काकूंकडे आहे!"

"बसू द्या हो त्यांना!" मागून आवाज आला. "आणि काकू, जरा मोठ्याने बोला. इथवर पोचत नाही."

हसू उसळलं. मॅनेजरने बॅटरी विझवली आणि पुटपुटत निघून गेला.

शेवटी हिरोने कसलंसं क्षेपणास्त्र सोडलं आणि राक्षस कोसळला. अर्धं थिएटर शिट्ट्या मारत होतं. काकूंच्या आजूबाजूच्या चार रांगा मात्र चिडीचूप होत्या.

"पिल्लाचं काय झालं, काकू?" मेकॅनिकच्या बायकोने विचारलं.

बाईने हात वर केला. सगळे थांबले.

"वाचलं," ती म्हणाली. "पाण्याकडे गेलं. ऐका ना."

आणि खरंच, हिरोच्या विजयाच्या ढोलताशांच्या गदारोळाखाली मेकॅनिकला एक बारीक कुंई ऐकू आली. लांब लांब जात होती. त्याच्या बायकोने डोळे पुसले. त्यालाही भरून आलं होतं, पण त्याने चष्मा नीट करायचं निमित्त केलं.

दिवे लागले. मेकॅनिक वाकून पुढे आला. "काकू, मघाचं मनावर घेऊ नका. पण एक सांगा. मी शेवटपर्यंत डोळे फाडून बघत होतो, ते पिल्लू मला काही दिसलं नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाली, आणि पर्समधली घडीची पांढरी काठी काढून तिने उघडली.