सैल केलेली वायर

लेक आजही ताटाकडे न बघता जेवत होता. पाण्याच्या तांब्याला टेकवलेला टॅबलेट, त्यात कुठल्याशा मालिकेचा कितवासा भाग. सून शेजारीच, आपल्या मोबाईलमध्ये. आईने मुद्दाम भाजीत मीठ घातलं नव्हतं. दोघांनाही पत्ता नव्हता.

उन्हाळ्यापर्यंत तो असा नव्हता. ऑफिसातल्या गमती सांगायचा, आईच्या म्हणींची टिंगल करायचा. आता काही विचारलं की वसकन अंगावर यायचा. डोळे कायम तारवटलेले. हे सगळं त्या मेल्या टॅबलेटचं, असं आईने ठरवूनच टाकलं होतं.

तिने सुनेला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. सून तेव्हा आईच्या खोलीची मापं घेत होती. रंग काढायचाय म्हणाली. नवी मोठी बॅगही तिने आईच्याच पलंगाखाली सरकवली होती. सहलीला जायचं असेल दोघांना. जावं बापड्यांनी, तिथेही मोबाईलच बघणार.

आईची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. जगाची बोलणी तिने जोडून दिली, आणि स्वतःच्या घरात तिला एक वाक्य ऐकायला मिळेना. एकदा तरी लेकाने समोर बसून बोलावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती झुरत होती.

रविवारी संध्याकाळी, शेंडी तुटो की पारंबी, असं म्हणत ती कपाटामागे गेली आणि इंटरनेटची वायर जराशी सैल केली. तोडली नाही. तोडलेली दिसते, सैल झालेली कुणाच्या लक्षात येत नाही. तळमजल्यावरच्या त्या घरात मोबाईलला रेंज तशीही नव्हती.

जेवताना टॅबलेटवर नुसतं चक्र फिरत राहिलं. लेकाने तो हलवून पाहिला, मग पालथा घातला. सुनेनेही मोबाईल बाजूला ठेवला.

"भाजीत मीठ कमी आहे का गं?" लेकाने विचारलं.

मीठ तिने आजही घातलं नव्हतं. आईला हसू आलं. त्याने मान वर केली. किती दिवसांनी तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. आईचा जीव भांड्यात पडला.

"बोल रे," ती म्हणाली. "मी काय खाते का तुला?"

त्याने सुनेकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"बरं झालं बंद पडलं ते, आई. तुझ्याकडे बघावं लागू नये म्हणून त्यात तोंड खुपसून बसायचो. उन्हाळ्यात वृद्धाश्रमात तुझा नंबर लावला होता. तो लागलाय. सकाळी गाडी येईल तुला न्यायला."