अकरा मिलिमीटर

लेव्हलमधला बुडबुडा डावी रेघ ओलांडून निम्मा बाहेर गेला आणि तिथेच थांबला. तिने लेव्हलची टोकं बदलून पुन्हा पाहिलं. बुडबुडा डावीकडेच. म्हणजे लेव्हल बरोबर होती. चुकलं होतं ते माशांच्या टाकीचं स्टँड.

"काय म्हणतोय?" बाबांनी करवत पुसत विचारलं.

"डावीकडे पळतोय. आणि स्टँड डुगडुगतंय."

"जमीन वाकडी असेल."

"ती आहेच, बाबा. म्हणून तर चार पायांची चार मापं लिहून दिली होती."

मापं तिने स्वतः घेतली होती. पारदर्शक नळीत पाणी भरून, चारही कोपऱ्यांत तीन तीनदा. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी ती. एका नोंदीवर तिचा कधी विश्वास बसत नसे. एकशेवीस लिटरची टाकी, त्यात वाळू, दगड. जरा कललं की सगळा भार एका काचेवर, आणि एक दिवस मासे फरशीवर.

बाबांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. त्यांनी बसवलेलं दार घासतंय म्हणून कुणाचा निरोप आल्याचं तिला आठवत नव्हतं.

हल्ली मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. दूध दोनदा उतू गेलं. मागच्या आठवड्यात जुन्या सोबत्याकडे म्हणून दोन दिवस गेले, ते गुडघे धरूनच परतले. तिची पाण्याची नळी खिळ्यावर नव्हती. ती सापडली त्यांच्या प्रवासाच्या पिशवीत.

"ही इथे कशी?"

"राहिली असेल," एवढंच ते म्हणाले होते.

तिच्या कपाटात दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र होतं. उत्तराला उद्याचा शेवटचा दिवस. तिथे तिसऱ्या मजल्यावरची एक खोलीही ती पाहून आली होती. "सगळं छान आहे," तिने बाबांना सांगितलं होतं, "फक्त जमीन अशी, की चेंडू ठेवला तर घरंगळत भिंतीला जाऊन आपटेल." मालकीणबाईंनी खोली महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवली होती. तेव्हापासून बाबा रोज विचारत, "ठरलं का?" आणि ती रोज म्हणे, "बघू."

मनातल्या मनात तिने सगळं या स्टँडवर सोपवलं होतं. बाबांना चार पाय नीट कापता आले, तर त्यांना एकटं ठेवता येईल. नाहीतर नाही.

"उलटं करू या जरा," ती म्हणाली.

दोघांनी स्टँड आडवं केलं. तिने पट्टी लावली. एकही माप जुळेना. एक पाय तर अकरा मिलिमीटरने जास्त.

"माझा कागद कुठाय?"

"खिशात."

"मग त्यातलं एक तरी माप यात का नाही?"

"ठमे, लाकूड तू कापलंस की मी?"

"रागावू नका ना. माणसाकडून होते चूक."

"माणसाकडून होते. सुताराकडून नाही."

एरवी ती हसली असती. तिने पट्टी मिटली. पत्रात काय लिहायचं ते आता ठरलंच होतं. उरलं होतं ते फक्त त्यांना सांगणं.

"बाबा, मी ठरवलंय..."

"आधी कापलेली टोकं बघ. मग ठरव."

तिने लांब पायाच्या टोकावरून बोट फिरवलं. काचेसारखं गुळगुळीत. कुठे बोटाला टोचणारी कूस नाही, काटकोन चोख. टोकावर पेन्सिलीने बारीक अक्षरात कोपऱ्याचं नाव लिहिलं होतं. हात जराही हलला नव्हता. तिने चारही पाय पाहिले. दार. कपाट. नळ. आणि लांब पायावर, खिडकी.

तिने मान वर केली. टाकी ठेवायच्या भिंतीला खिडकी नव्हती. नळही नव्हता.

"खिडकी कुठली, बाबा?"

बाबा स्टुलावर टेकले आणि गुडघा चोळू लागले.

"तिसऱ्या मजल्यावरची. तुझ्याच नळीने तिथली जमीन मोजली, तीन तीनदा. मालकीणबाई म्हणाल्या, एवढं काय मोजताय? म्हटलं, पोरीला एका नोंदीने पटत नाही."

तिने ते चार शब्द पुन्हा एकदा वाचले. मग तिने स्टँड तसंच आडवं राहू दिलं.

"एक तारखेला निघते मी, बाबा."