चित्रफितीची साक्ष

"ताई, शेवटचा प्रसंग आधी घेऊ. सकाळचं ऊन चांगलं आहे," कॅमेरेवाला अजिंक्य म्हणाला.

शिवलीलाने पदर सावरला. टॉवेलच्या त्या कारखान्याची पाहणी करण्यास परदेशी गिऱ्हाईक येणार होते. म्हणून कामगारांनी तक्रार कशी करावी, हे शिकविणारी चित्रफीत तयार करण्याचे मालक शरणप्पांनी योजिले होते. नट आणण्याऐवजी त्यांनी कामगारच उभे केले. तक्रारदार झाली शिवलीला, आणि तिचा छळ करणारा सुपरवायझर म्हणून खुद्द सुपरवायझर मृत्युंजयच.

"त्याला सोंग घ्यायची गरजच न्हाय की," रत्नम्मा पुटपुटली. शिलाई विभागातील बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

शिवलीला हसली नाही. सुताच्या गोदामात त्याने तिचा हात खरोखरच धरला होता, आणि त्या अंधारात साक्षीला कोणी नव्हते.

"नाव तुमचंच घ्या," अजिंक्यने सुचविले. "खरं वाटतं."

कारखान्याच्या दारातील तो शेवटचा प्रसंग तिने पाठ केल्याप्रमाणे, एका दमात पार पाडला.

दुपारी तक्रारीचा प्रसंग आला. संवादाचा कागद तिने दुमडून कमरेला खोचला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि तिच्या मनाने घेतले की, आपला साक्षीदार तो हाच.

"ह्या मृत्युंजय साहेबानं मला गोदामात अडवलं," ती संथपणे बोलली. "हात पिरगाळला. वरडलीस तर उद्यापास्नं कामावर यायचं न्हाय, म्हणला."

मृत्युंजयचा चेहरा पांढराफटक पडला. शरणप्पांनी मात्र टाळी वाजविली. "लई झ्याक उतरलं. हे असंच ठेव रे, अजिंक्य."

त्यानंतर लवकरच तिने बाहेरच्या समितीकडे रीतसर तक्रार नोंदविली. चौकशीसाठी समितीच्या अक्षताबाई कारखान्यात आल्या.

"कोणी पाहिलं होतं का?" त्यांनी विचारले.

"चित्रफीत हाय की, बाई. त्यात समदं बोललेय मी. ह्याचं तोंड बगा, म्हंजे कळंल."

"ते तर नाटक होतं ना?"

"नाटक न्हाय. सिद्धेश्वराची आण, शब्दन् शब्द खरा हाय."

"सगळी चित्रफीत खरी, असं लिहून घेऊ?"

"घ्या."

शरणप्पांनी हरकत घेतली नाही. "शिवलीला म्हणती म्हंजे खरंच असणार," असे म्हणून चित्रफीत त्यांनी स्वहस्ते सुरू केली.

पडद्यावरील शिवलीला बोलू लागली. अक्षताबाईंची लेखणी झरझर चालू लागली. मृत्युंजयने मान खाली घातली. कोपऱ्यात बसलेल्या शिवलीलाचे अंतःकरण भरून आले. इतक्या दिवसांत प्रथमच कोणीतरी तिचे बोलणे लिहून घेत होते.

मग पडद्यावर सकाळचे ऊन पसरले. कारखान्याच्या दारात ती प्रसन्न मुद्रेने, हात जोडून उभी होती.

"मी शिवलीला. साहेबांनी माझी माफी मागितली, माझं समाधान झालं. आता माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही."