वरची धपधप

वरून धपधप सुरू झाली तशी रत्नप्रभाबाईंनी वालाची परात बाजूला सारली, दारामागचा फरशी पुसायचा दांडा उचलला आणि छताला ठोकला. ठक-ठक-ठक, जरा दम, ठक-ठक. धपधप बंद झाली. बाई पुन्हा वाल सोलायला बसल्या.

हा आता नेमच झाला होता. महापालिकेच्या शाळेत बाईंनी जन्मभर मुलींना लेझीम शिकवलं. निवृत्तीनंतर शाळा सुटली, पण हाताला लागलेला ताल काही सुटला नाही. रागाने ठोकलं तरी तीनदा, दम, दोनदा असंच पडायचं. वरचा भाडेकरू तसा गुणी. ठोकलं की लगेच गप्प व्हायचा. पण अर्ध्या तासाने ये रे माझ्या मागल्या. त्याचं नाव प्रीतम, पण या घरात त्याला नुसतं 'वरचा' म्हणत. तो कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, एवढंच ठाऊक. स्लॅबमधून खाली यायची ती फक्त धपधप, कुणी गादी बडवत असल्यासारखी.

त्याचा करार संपत आला होता. खालच्यांची हरकत नसेल तर वाढवू, असं सोसायटीचे सेक्रेटरी राजाराम सावंत म्हणाले, आणि बाईंनी हरकत घेतली. आता रविवारी तो खोली सोडणार होता. कन्नमवार नगरात परवडेल अशी दुसरी जागा त्याला मिळाली नव्हती, तो बोईसरला मामाकडे चालला होता. राजाराम हे जरा नाराजीनेच सांगून गेले. बाईंनी कानाआड केलं.

त्यांच्यापुढे दुसरंच काम होतं. पाडव्याच्या शोभायात्रेत बिल्डिंगमधल्या बायकांचं लेझीम बसवायचं होतं. गेल्या वर्षी त्या फिल्मी गाण्यावर खेळल्या, हौसेने व्हिडिओ टाकला, आणि गाण्याचे हक्क दुसऱ्याचे म्हणून त्याचा आवाजच काढून टाकला गेला. जगाने पाहिलं ते मुकं लेझीम. यंदा सून अपूर्वाने तोड काढली. फारसं नाव नसलेले कितीतरी कलाकार आपलं इलेक्ट्रॉनिक संगीत नेटवर फुकट ठेवतात, खुशाल वापरा म्हणतात, फक्त आमचं नाव द्या. तिने सासूबाईंच्या फोनमध्ये ते उघडून दिलं, शेजारी छोटा स्पीकर ठेवला आणि ती ऑफिसला गेली.

तेव्हापासून बाईंची दुपारची झोप उडाली. ऐकावं ते नवलच. एकाचं संगीत मिक्सरमध्ये खोबरं अडकल्यासारखं, पण मध्येच असा सूर लागायचा की हातातलं काम थांबावं. फिनलंडच्या कुणा बाईने बर्फ तडकल्याच्या आवाजावर ठेका बांधला होता. ना यांचे कुठे फोटो, ना गाजावाजा. ओळखपाळख नसताना कुणी घरात बोलावून चहा पाजावा, तसं बाईंना वाटायचं. एवढं चांगलं आणि फुकट, यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता.

आणि मग 'पोटमाळा' सापडला. हे कलाकाराचं नाव. बाईंना हसू आलं, असं नाव कोण घेतं? पण संगीत सुरू झालं आणि त्यांचे पाय आपोआप पडायला लागले. मधल्या टप्प्यात सगळे सूर थांबायचे आणि नुसतं एक लाकडी वाद्य वाजायचं. तिथे तर अंगावर काटा यायचा. वाद्य कुठलं ते काही केल्या ओळखेना, पण कुणी लेझीम डोळ्यांसमोर ठेवूनच ते बांधल्यासारखं वाटत होतं. बाईंचा निर्णय पक्का झाला. याला म्हणतात संगीत, नाहीतर आपला वरचा, असं त्यांनी अपूर्वाला ऐकवलंही.

आजही वाल सोलता सोलता त्यांनी तेच लावलं होतं. संध्याकाळी अपूर्वा परतली. लॅच उघडून आत येत, चपला काढता काढता ती वैतागून म्हणाली, "आई, आता तरी नका ना ठोकू. रविवारी चाललाय बिचारा."

बाई चमकल्या. त्यांचे दोन्ही हात परातीत होते. दांडा दारामागे उभा होता. आणि स्पीकरवर वाजत होतं ठक-ठक-ठक, जरा दम, ठक-ठक.

बाईंनी हात पुसले आणि तो तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा. शंकेला जागाच नव्हती. तिसऱ्या ठोक्यावरचा तो जास्तीचा जोर त्यांचाच होता, शाळेतल्या पोरी त्याची नक्कल करायच्या.

आधी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग इतका आनंद झाला की डोळेच भरले. शाळा सुटल्यापासून त्यांचा ताल कुणी मागितला नव्हता. या पोराने तो न मागता ऐकला. राग खाली टाकला, ताल तेवढा वेचून घेतला, सजवला आणि जगाला फुकट वाटला.

त्यांनी अपूर्वाला राजारामना फोन लावायला सांगितलं. हरकत मागे, करार वाढवा, आणि हे आत्ताच त्याच्या कानावर घाला. अपूर्वा हसत हसत फोनवर बोलत होती, तेवढ्यात वरून धपधप सुरू झाली. बाईंनी पदर खोचला, दांडा उचलला आणि मन लावून छताला ठोकला. ठक-ठक-ठक, जरा दम, ठक-ठक.

धपधप बंद झाली, नेहमीसारखी.

बाई दांड्यासकट गॅलरीत गेल्या. मान वर करून त्यांनी त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

"अरे प्रीतम, थांबलास कशाला? साथ करतेय मी."